जिजींची पायडलं

जिजींनी माझा चेहरा नीट पाहिला तो मी त्यांच्या घरी राहायला गेल्यावर आठवड्याभराने. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त माझे पाय पाहिले. मी नोकरीसाठी धारहून देवासला आलो होतो, हातात बॅग घेऊन दारात उभा होतो, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचलेली साठी उलटलेली एक उंच बाई माझ्या चपलांतून बाहेर आलेल्या बोटांकडे एकटक बघत होती. मला वाटलं, कशात तरी पाय भरलाय की काय.

"आईवर गेलायत," त्या म्हणाल्या. "तिचंही अंगठ्याशेजारचं बोट असंच लांब होतं. यावं. चप्पल बाहेर."

माझी आई लग्नाआधी धारच्या मुलींच्या वसतिगृहात राहून शिकली होती आणि जिजी तिथे अधीक्षिका होत्या. तेवढ्या ओळखीवर मला त्यांच्या घरातली वरची खोली मिळाली होती. पुढे कळलं, की जिजींना सगळी माणसं पायांवरूनच लक्षात राहतात. त्या वसतिगृहातल्या न्हाणीघरांची दारं खालून वीतभर आखूड होती. आत कोण आहे, किती वेळ आहे, आणि एकीच्या जागी दोघी शिरून गप्पा झोडताहेत का, हे बाहेरून पायांवरूनच ओळखावं लागे. नोकरीभर हेच केल्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांची नजर आधी खाली जायची. बाजारात एखादी पोक्त बाई समोर येऊन "जीजी, पहचाना?" म्हणाली, की त्या तिच्या तोंडाकडे बघून गोंधळायच्या, मग हळूच मान खाली घालायच्या आणि नाव सांगायच्या. नाव बहुतेक वेळा बरोबर निघे. ती बाई रडायलाच लागे.

वसतिगृह सुटलं, पण जिजींच्या अंगातलं वसतिगृह काही सुटलं नाही. बायपासकडच्या एका कॉलनीत त्यांच्या नवऱ्याने बांधलेलं साधं सिमेंटचं घर होतं. खाली त्या राहत, वर मी आणि गच्ची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळी त्या पितळेची घंटा वाजवत. ती देवासाठी नसून माझ्यासाठी आहे, हे समजायला मला थोडे दिवस लागले. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "भाडेकरू, आहात का?" असं खालून यायचं आणि त्यावर "हजर" म्हणायचं. एकदा मी नुसतं "हो" म्हणालो, तर त्यांनी पुन्हा विचारलं. मी चिडून गप्प बसलो, तर तिसऱ्यांदा विचारलं. शेवटी "हजर" म्हणालो, तेव्हा खालून "पोहे झालेत" असं उत्तर आलं. पोहे चांगले होते, त्यामुळे भांडण वाढलं नाही.

आपलं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आलं, असं त्या सांगत. देवापुढे त्यांची भाषा अजून त्या फौजेतलीच होती. "नैवेद्य जाहला, आता आपण स्वस्थ असावं," असं त्या देवीला म्हणत. तीच बाई पुढच्या क्षणी दारात जाऊन, घोसाळं हातात धरून भाजीवाल्याला "क्यों रे भिया, ये गिलकी है कि लट्ठ?" म्हणून विचारी. माझ्याशी बोलताना मराठी, रागावल्या की हिंदी. माझं मराठी धारच्या हिंदी शाळांमधून जेमतेम वाचलेलं होतं. "मला भूक लागून राहिली," असं मी म्हणालो, की वाढायला घेतलेली पळी हवेत थांबायची. वाक्य नीट केल्याशिवाय आमटी पडायची नाही. आज हे मराठीत लिहितोय त्यातलं बरंचसं त्यांच्या आमटीने शिकवलं आहे.

कुठलीही वस्तू त्या पारखल्याशिवाय घेत नसत, आणि पारखायची म्हणजे वापरून पाहायची. पायपुसणं घ्यायला गेल्या की दुकानात त्यावर उभ्या राहत. एकदा मला सोबत नेलं होतं. त्या पायपुसण्यावर डोळे मिटून उभ्या, दुकानदार माझ्याकडे बघतोय, मी छताकडे बघतोय, असा बराच वेळ गेला. मग डोळे उघडून म्हणाल्या, "चुभता है." दुकानदार म्हणाला, "जीजी, पोंछना ही तो है पाँव." त्या म्हणाल्या, "पाँव किसका है?" त्याने दुसरं पायपुसणं काढून अंथरलं.

त्यांचा डावा गुडघा मी तिथे गेलो तेव्हाच कामातून गेलेला होता. पुढच्या आषाढात इंदूरला ऑपरेशन करून तो बदलला. एकुलता एक मुलगा पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत होता. जिजी त्याला 'चिरंजीव' म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तो रजा घेऊन आला, दवाखान्यात बाकावर झोपला, घरी आणून आईचं सगळं केलं. मुलगा चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो. जायच्या आदल्या संध्याकाळी तो आईच्या पलंगाशी बसला. मीही तिथेच होतो.

"आई, मी स्पष्ट सांगतो. दिवाळीला येईन. तोवर गुडघा नीट वाकला, जिना तुझी तू चढलीस, तर राहा इथं. नाही तर माझ्याबरोबर पुण्याला यायचं. घर बंद करून टाकू."

"घर काय ट्रंक आहे बंद करायला?"

"आई."

"बरं. दिवाळी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाडेकरू, आपण साक्षीदार."

जिजींना पुण्याला जायचं नव्हतं, अजिबात नव्हतं. एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. फ्लॅट फार वरच्या मजल्यावर होता. तिथे काय आवडलं नाही असं विचारलं, तर त्या म्हणाल्या होत्या, "खिडकीतून लोक दिसतात, पण पाय दिसत नाहीत. कोण कुठं चाललंय कळायचं कसं?"

मुलगा गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याने पाठवलेली व्यायामाची सायकल आली. जागच्या जागी चालवायची, दोन चाकांऐवजी पोटात एकच जड चाक असलेली. मी ती जोडली आणि पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवली. व्यायाम शिकवायला एक मुलगी आठवड्यातून एकदा यायची. तिने समजावलं, की बदललेला गुडघा सुरुवातीला पूर्ण फेरा घेऊ देत नाही. पाऊल वर येताना माथ्याजवळ अडतं. तेव्हा जोर करायचा नाही, तिथूनच मागे फिरायचं, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, आणि रोज थोडं थोडं वर सरकायचं. ज्या दिवशी पाऊल माथ्यावरून पलीकडे उतरेल, त्या दिवशी जिनासुद्धा सोपा होईल. जिजींनी हे लक्ष देऊन ऐकलं आणि चप्पल काढून सायकलवर चढायला गेल्या.

"जीजी, जूते पहनकर," ती मुलगी म्हणाली.

"घर में?"

विषय तिथेच संपला. आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. सायकल बरी होती, पण तिची पायडलं एकदम भिकार होती. काळ्या प्लॅस्टिकची, वर टोकदार दाणे असलेली. बुटाचा तळ घसरू नये म्हणून ते दाणे असतात, पण अनवाणी पायाला ते पुरतेच छळत. थोडा वेळ झाला की जिजींच्या तळव्यावर नक्षी उमटे, आणि ती त्या मला बोलावून दाखवत. पायडलच्या आत बेअरिंगचे छर्रे नव्हते, नुसती प्लॅस्टिकची नळी होती. वजन पडलं की ती कुरकुरायची आणि पायडल बाहेरच्या बाजूला झुकायचं. पायडल झुकलं की पाऊल तिरकं, आणि पाऊल तिरकं की गुडघा आत ओढला जाई. पाऊल अडकवायचा पट्टा तर पहिल्याच पंधरवड्यात भोकातून फाटला. जिजी चिडून उतरल्या. फोनवर चिरंजीवांना म्हणाल्या, "सायकल पाठवलीत, तिला पाय ठेवायला जागा पाठवली नाहीत."

"आई, घरात घालायचे मऊ बूट मिळतात."

"घरात देव आहेत."

"मग सायकल व्हरांड्यात ठेव."

"व्हरांड्यात लोक आहेत."

मी बाजारातून साध्या सायकलची चांगली, रबराची, छर्रे असलेली पायडलं आणली. ती बसली नाहीत. त्यांचा आस जाड निघाला. दुकानदाराला परत नेऊन दाखवली, तर तो म्हणाला, "भिया, कसरत वाली का पतला आता है. पहले बोलना था." ऑनलाइन शोधली, तर त्या मापाची पुन्हा तीच काळी दाणेदार. जिजींनी फोनवरचे फोटो डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाल्या, "दाणे तेच, फक्त भाव वेगळा."

मग एक दिवस मी कामावरून आलो, तर घरात सुतार बसलेला. जिजी त्याला हातवारे करून समजावत होत्या आणि तो बिचारा माझ्याकडे मदतीच्या आशेने बघत होता. त्यांना पायडलच्या जागी पाट हवे होते. जेवायला, पूजेला, ओवाळायला बसतो तसे पाट, फक्त तळहाताएवढे.

"जीजी, साइकल में पाटले कौन लगाता है?"

"मैं लगाती हूँ. तुम बनाओ."

जुन्या पायडलांचं प्लॅस्टिक कापून आतले आस तसेच ठेवले, त्यात मी मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडून आणलेली बारीक बेअरिंगं बसवली आणि वर सुताराने सागवानाचे दोन इवलेसे पाट चढवले. पाऊल सरकू नये म्हणून कडेला बोटभर काठ ठेवला. वर एकही खिळा नाही, कोपरे गोल, आणि पट्टा पलंगाच्या जुन्या नवारीचा. जिजी त्यावर पाय ठेवून बसल्या, डोळे मिटले. सुतार आणि मी दोघेही श्वास रोखून उभे होतो. "हं," त्या म्हणाल्या. एवढंच. सुताराने मला दारात विचारलं, "पसंद आया क्या?" मी म्हटलं, फार.

त्यानंतर सकाळची घंटा झाली की खालून लाकडाचा मऊ आवाज येऊ लागला. पुढे, मागे, पुढे, मागे. आणि त्याबरोबर जिजींचं बोलणं. पहिल्यांदा मला वाटलं कोणी आलंय. खाली जाऊन पाहिलं, तर त्या सायकलवर बसून समोरच्या भिंतीशी भांडत होत्या. दिवाळीला चिरंजीव येतील, पाय पाहतील, तरीही 'चल' म्हणतीलच, असा त्यांचा पक्का अंदाज होता. तेव्हा नुसता गुडघा वाकून भागणार नव्हतं, मुद्देसुद्धा हवे होते.

"मुद्दा पहिला," जिजी भिंतीला म्हणत. "माझी पेन्शन इथं, माझा दवाखाना इथं, माझं रेशनकार्ड इथं. मुद्दा दुसरा. वसतिगृहाच्या मुली मला शोधत इथं येतात. पुण्यात कोण येणार? मुद्दा तिसरा. पेरूच्या झाडाला पाणी कोण घालणार? भाडेकरू? ते स्वतः पाणी पीत नाहीत." इथे मी जिन्यावरून खोकलो, तर वळून म्हणाल्या, "ऐकताय तर मग सांगा, तिसरा मुद्दा कच्चा आहे का?" मी कच्चा आहे म्हणालो. दुसऱ्या दिवशी पेरू सातव्या नंबरावर गेला होता आणि तिसऱ्यावर त्यांनी सुनेला घेतलं होतं. "सूनबाई चांगली आहे. चांगली आहे म्हणूनच तिच्या स्वयंपाकघरात मी नको." हा मुद्दा मला पटला आणि मी तसं सांगितलंही. जिजींनी तो उजळणीत दोनदा घेतला.

भाद्रपद गेला, पाऊल माथ्याच्या जवळ सरकत चाललं होतं. नवरात्र बसलं तेव्हा अगदी थोडं उरलं होतं.

आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ज्यावर घर चालतं ते सगळं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून देवीपुढे मांडायचं आणि त्या दिवशी त्याला काम लावायचं नाही. जिजींकडे हत्यारं म्हणजे विळी, किसणी, अडकित्ता, नवऱ्याचा पाना, माझा लॅपटॉप. आणि त्या वर्षी पायडलं. आख्खी सायकल देवघरात मावत नव्हती, म्हणून त्यांनी पायडलं स्वतः काढली, दूधपाण्याने धुतली आणि आसापासून पाटापर्यंत हळदीने माखली. मी त्याच दुपारच्या बसने दसऱ्याला धारला गेलो. निघताना ते दोन पाट देवीपुढे शेजारी शेजारी ठेवलेले पाहिले. सुंदर दिसत होते, आणि एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं इतके सारखे.

मी परत आलो तेव्हा जिजी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर पाना होता.

"भाडेकरू," त्या म्हणाल्या, "मोडलं."

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. चालवताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून तशी सोय केलेली असते. कुठलं डावं नि कुठलं उजवं हे आसाच्या टोकावर कोरलेलं असतं, पण ती अक्षरं वाळलेल्या हळदीखाली बुजून गेली होती. दसऱ्याच्या सकाळी जिजींनी, आजारी पायाचा मान आधी म्हणून, डावीकडून सुरुवात केली आणि हाती आलेलं पायडल लावलं. ते उजवं होतं. ते जाईना. त्यांना वाटलं, हळदीने अडतंय. मग त्यांनी पान्याच्या मुठीला लोखंडी नळी अडकवली, गाडीवाले चाक खोलताना तसं करतात हे त्यांनी पाहिलं होतं, आणि सगळा जोर लावला. वसतिगृहाची मोठी फाटकं वर्षानुवर्षं ओढलेल्या बाईचा तो जोर. पायडल आत गेलं, पण ते ज्यात बसतं त्या सायकलच्या दांड्यातले आटे चोळामोळा करून गेलं. आता डाव्या बाजूला कुठलंच पायडल टिकत नव्हतं. ज्या पायासाठी सगळं केलं, नेमका तोच पाय अधांतरी राहिला.

मी हळद खरवडून अक्षरं दाखवली. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "हळद देवीची आहे," मग म्हणाल्या. "तिला बोल लावायचा नाही."

उजवं पायडल थोडं ओरखडलं होतं, पण आपल्या जागी नीट बसलं. डाव्या दांड्यासाठी मी सायकलच्या कंपनीला फोन केला. पार्ट मिळेल, पण महिना लागेल, असं उत्तर आलं. दिवाळी त्याच्या आत होती. मी म्हणालो, चिरंजीवांना सांगू, ते काही तरी करतील.

"काय करतील? बॅग भरतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली नाही. ती घंटा मला कधी आवडली नव्हती, पण त्या सकाळी मी बिछान्यात पडून तिची वाट बघत होतो. शेवटी आपणच खाली गेलो. जिजी पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या आईला सांगा, जिजींनी पायडल उलटं लावलं. ती हसेल." मला अजिबात हसू आलं नाही. एवढ्या लहानशा चुकीपायी एखाद्या बाईचं घर सुटावं, याचा मला फार राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना.

त्याच्या पुढच्या दिवशी मात्र घंटा झाली. आणि पाठोपाठ लाकडाचा तो आवाज.

मी धावत खाली आलो. जिजी सायकलवर नव्हत्याच. सायकलच्या समोर, तिच्याकडे तोंड करून, त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ठेवली होती. सायकल आणि त्या अशा समोरासमोर. त्यामुळे सायकलची उजवी बाजू त्यांच्या डाव्या हाताला आली होती, आणि उरलेल्या एकुलत्या पायडलवर डावं पाऊल नवारीने बांधून त्या सावकाश फिरवत होत्या. उजवा पाय जमिनीवर रोवलेला.

"चांगला पाय काय करायचाय?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "परीक्षा डाव्याची आहे."

खुर्ची सायकलच्या सीटपेक्षा खाली होती, म्हणून गुडघ्याला आधीपेक्षा जास्त वाकावं लागे. दुखतही जास्त होतं. व्यायाम शिकवणारी मुलगी आली, तिने हा थाट पाहिला आणि कपाळाला हात लावला. मग गुडघा मोजून पाहिला, खुर्चीवर दोन उशा ठेवल्या आणि "अब करो" म्हणाली. जिजी करत राहिल्या. एक एक उशी काढत गेल्या. मुद्द्यांची उजळणी चालूच होती, फक्त आता ओठ दाबून. आणि वसुबारसेच्या सकाळी, मी चहाचा कप घेऊन समोर बसलो असताना, पाऊल वर आलं, माथ्यापाशी अडलं, थरथरलं, आणि पलीकडे उतरलं. जिजी बोलायच्या थांबल्या. पुन्हा एक फेरा घातला, मग आणखी एक. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्या थांबल्या नाहीत. मला इतका आनंद झाला, की चहा तसाच राहिला.

धनत्रयोदशीला चिरंजीव आले, एकटेच. सूनबाई मुलीला घेऊन माहेरी गेल्या होत्या. मी दुसऱ्या दिवशी धारला निघणार होतो. संध्याकाळी माझ्या दारावर थाप पडली. दार उघडलं तर बाहेर जिजी, हातात चकल्या आणि चिवड्याचं ताट, मागे दोन पायऱ्या सोडून त्यांचा मुलगा. कठड्याला हात न लावता त्या वर आल्या होत्या. "फराळ," त्या म्हणाल्या, "आणि साक्षीदारांनी खाली यावं."

खाली गेलो. जिजी खुर्चीवर ताठ बसल्या, पदर सारखा केला. ही त्यांची वेळ होती, मला मुद्दे पाठ होते, आणि सुरुवात पेन्शनने होणार हेही ठाऊक होतं. चिरंजीव समोर पलंगावर टेकले.

"मस्त झालाय पाय, आई," ते म्हणाले. "मग काय, तू राहा इथंच. ते बरं."

जिजींनी विचारलं, "राहू?"

"हो ना. तुला इथंच बरं वाटतं. मग प्रश्नच मिटला." आणि त्यांनी चिवड्याच्या ताटाकडे हात नेला. "शेंगदाणे जरा जास्त तळलेस का?"

जिजी त्याच्या पायांकडे बघत होत्या. ते सैलावून पलंगाखाली पसरले होते.

भाऊबीज करून मी परत आलो, त्या दुपारी ते निघाले. फाटकाशी माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही वर आहात, मला काही काळजी नाही." मोकळे वाटत होते. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. नोकरी, मुलगी, घराचे हप्ते यांत अडकलेल्या माणसाने आईचा पाय बरा झालेला पाहिला आणि तो सुखावला, एवढंच झालं होतं.

आईने दिलेला अनारशांचा डबा घेऊन मी आत गेलो. जिजी सायकलसमोरच्या त्या खुर्चीवर बसल्या होत्या, पण पाऊल पायडलवर नव्हतं. मी डबा ठेवला आणि काही तरी बोलायचं म्हणून म्हणालो, "जिंकलात की, जिजी."

"हो ना," त्या म्हणाल्या. मग पायडलची नवार सारखी करत म्हणाल्या, "एकही मुद्दा विचारला नाही त्यानं."

मी डबा उघडून त्यांच्यापुढे धरला.

"मी गेले नसते. मेले तरी गेले नसते. पण एकदा 'चल' म्हणायला काय जात होतं त्याचं?"

त्यांना मी इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं. ऑपरेशननंतर नाही, आटे मोडले तेव्हाही नाही. मी त्यांच्या समोर, पलंगावर, चिरंजीव बसले होते त्या जागी बसलो.

"ते काही नाही, आई," मी म्हणालो. "एवढ्या घरात एकटी राहून करणार काय? तू चल पुण्याला."

जिजींनी मान वर केली आणि सरळ माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा त्यांना काही कळलं नाही. मग कळलं. वाटलं आता रागावतील, हिंदीत रागावतील. पण त्यांनी पदर सारखा केला आणि खुर्चीत ताठ झाल्या.

"मुद्दा पहिला," त्या म्हणाल्या. "माझी पेन्शन इथं, माझा दवाखाना इथं."

"पेन्शन पुण्यातही मिळते," मी म्हणालो.

बाहेर कॉलनीत पणत्या लागेपर्यंत आम्ही भांडत होतो, आणि मी काही केल्या लवकर मानलं नाही.